शिवरात्रीला फुलणारा आयरिस

आमच्या घरी कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलं असतं आणि बंदीच्या, म्हणजे रोजच्या ठरलेल्या, दुधाचा हिशेब त्याच्याच चौकोनांत चालतो. नेहमीचं दीड लिटर असेल तर काही लिहायचं नाही, जास्त घेतलं तर आकडा, नाही घेतलं तर खाडा, म्हणजे फुली. गॅसची टाकी कधी लावली, नर्मदेचं पाणी कोणत्या पाळीला आलंच नाही, कामवाल्या मावशी गावाला कधी गेल्या, सगळं तिथंच. २०२२ च्या मार्चच्या पानावर ४ तारखेच्या चौकोनात माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘नि. फू. १’. निळं फूल, एक. एवढ्याशा नोंदीपायी पुढची साडेतीन वर्षं मी एक वही, एक थर्मामीटर, पांढऱ्या थाळ्यांचा एक मनोरा आणि नवऱ्याशी एक न मिटणारा वाद पोसत आले आहे.

खूळ श्रीनगरला डोक्यात शिरलं. एप्रिलमध्ये गेलो होतो, आणि तिथल्या कब्रस्तानांत, थडग्यांच्या मधोमध, आयरिस नुसता माजलेला. पांढरा, फिका जांभळा. तिथले लोक त्याला मजारमुंड म्हणतात. मी येताना आल्यासारखा दिसणारा एक गाठाळ तुकडा आणला आणि इंदूरच्या आमच्या नर्सरीवाल्याला दाखवला. त्यानं तो उलटासुलटा करून परत माझ्या हातात ठेवला. “मैडम, पत्ते आएँगे, फूल नहीं.” मला राग आला होता, पण अक्षरशः तसंच झालं. दोन हिवाळे तलवारीसारखी पानं आली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत तो तुकडा कुजून त्याचा वास सुटला. त्या आयरिसला खरीखुरी, लांबलेली थंडी लागते आणि पायाशी कोरडं लागतं. इंदूर यांतलं एकही धड देत नाही.

त्याच नर्सरीवाल्यानं मग कांद्यावाला आयरिस घ्यायला सांगितलं, ज्याला डच आयरिस म्हणतात. नाव हॉलंडचं, पण रक्त स्पेन आणि मोरोक्कोकडच्या रानटी आयरिसांचं. हॉलंडच्या बागायतदारांनी त्यांचे संकर करून तो बाजारात आणला, एवढंच. त्यामुळे ह्याची सवय भूमध्य समुद्राकाठची: हिवाळ्यात वाढायचं, वसंतात फुलायचं आणि कडक कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली झोपायचं. इंदूरचा मे त्याला झोपायला उत्तमच. फक्त जूनमध्ये पाऊस यायच्या आत उकरून काढावा लागतो. मी मागवलेल्या जातीचं नाव ‘प्रोफेसर ब्लाव’. हे ब्लाव नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनचे प्राध्यापक. कंदात फूल कधी आणि कसं धरतं हे तापमान कसं ठरवतं, ह्यावर त्यांनी आयुष्य घातलं. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त पाकिटावरचा निळा रंग आवडला होता.

२०२१ मध्ये बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच दिवाळीत वीस कंद आले. त्यातल्या सहांवर निळसर बुरशी होती. तक्रार केली, फोटो मागितले, फोटो पाठवले, आणि पुढचं आपल्याला माहीतच असतं. उरलेले चौदा लावले. आमच्याकडे कुंडीला गमलाच म्हणतात, तर दहा इंची तीन गमले. एक भाग काळी माती, दोन भाग रेती, एक भाग घरचं कंपोस्ट. कंपोस्टबद्दल आमचे धाकटे दीर मला कधी बोलू देत नाहीत, स्वतःच बोलतात. ते अॅग्रिकल्चर कॉलेजात होते. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला आले आणि इथल्या संस्थेत त्यांनी काडीकचरा, शेण, राख आणि माती थरांनी रचून खत करायची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. “वहिनी, जगातले लोक इंदूरचं नाव कचऱ्यामुळे शंभर वर्षांपासून घेतायत, स्वच्छतेचा नंबर नंतर आला,” हे वाक्य मी किमान चाळीस वेळा ऐकलं आहे.

कंद लावले ते ७ नोव्हेंबरला. भाऊबीज झाली, नणंदेला गाडीत बसवून दिलं, रविवार मोकळा मिळाला, म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

पहिल्या वर्षी चौदापैकी अकरा फुलले. तीन कंदांनी तीन-तीन पानं काढली आणि तिथंच थांबले. आता मला ठाऊक आहे की तीन पानांवर अडलेल्या रोपाकडे बघत बसण्यात अर्थ नाही, त्या वर्षी त्याच्या पोटात फूल नाहीच. तेव्हा मात्र मी मार्च संपेपर्यंत रोज त्यांच्यापुढे उकिडवी बसत होते. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, पहिलं फूल एकदम १७ फेब्रुवारीला आलं. तिसऱ्या वर्षी ९ मार्चला. पंधरा दिवस पुढं, मग तीन आठवडे मागं. चौतीस वर्षं संध्याकाळी कॅश जुळवल्याशिवाय घरी न आलेल्या बाईला हे सहन होणं कठीण होतं.

आमच्या ह्यांनी मात्र ते तीन मिनिटांत जुळवलं. ह्यांचा महाशिवरात्रीचा उपास असतो आणि त्या दिवशी देवगुराड्याच्या महादेवाला जायचं, जत्रेतून फिरायचं, हा नेम. २०२३ ला शिवरात्र १८ फेब्रुवारीला होती. त्या सकाळी मी अंघोळीला गेलेली असताना ह्यांनी आदल्या दिवशी उमललेलं पहिलं फूल देठासकट कापून पूजेच्या पिशवीत घातलं. फूल किती दिवस टिकतं ते मी मोजणार होते. माझ्या वहीत त्या फुलापुढे ‘देवाला गेलं’ अशी नोंद आहे. त्यावर बरंच झालं. पण पुढच्या वर्षी ९ मार्चला फूल आलं तेव्हा हे कालनिर्णय घेऊनच गच्चीवर आले. २०२२, शिवरात्र १ मार्च, फूल ४ मार्च. २०२३, शिवरात्र १८ फेब्रुवारी, फूल आदल्या दिवशी. २०२४, शिवरात्र ८ मार्च, फूल दुसऱ्या दिवशी.

“अगं, तारखेनं बघतेस म्हणून तुला गोंधळ वाटतो. तिथीनं बघ. निळं फूल आहे, नीलकंठाचं. शिवरात्रीलाच फुलणार.”

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण आकडे ह्यांच्या बाजूनं होते. इंग्रजी तारखेनं तीन वर्षांत वीस-एकवीस दिवसांचा फरक, तिथीनं चार. कोणत्याही ऑडिटरनं ह्यांचंच खातं पास केलं असतं.

तोपर्यंत मी सगळा दोष हवामानाला देत होते, आणि हवामान मोजण्यात माझे कमी हाल झाले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये सायन्सच्या सामानाच्या दुकानातून कमाल-किमान थर्मामीटर आणला. इंग्रजी यूच्या आकाराची नळी, खाली पारा, आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर केसाएवढ्या दोन लोखंडी सुया. पारा सुईला ढकलत नेतो आणि परत फिरतो, सुई तिथंच राहते. सकाळी सुईचं खालचं टोक वाचायचं आणि लोहचुंबकानं तिला ओढून परत पाऱ्यावर आणून ठेवायचं. बघायला इतकं सुरेख की पहिला आठवडा मी दिवसातून चार वेळा वाचत होते. फक्त त्यात एक मेख आहे. डावीकडचा, किमान तापमानाचा आकडा उलटा लिहिलेला असतो, वर कमी आणि खाली जास्त. मी अकरा दिवस तो सरळ समजून दोन आकड्यांमधल्या रेषा उलट्या दिशेनं मोजल्या. ते अकरा दिवस वहीत लाल शाईनं खोडलेले आहेत.

दुसरी चूक दिरांनी पकडली. थर्मामीटर मी पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लावला होता, पश्चिमेकडे तोंड करून. जानेवारीच्या एका दुपारी त्यानं ४१ दाखवलं. “वहिनी, हे हवेचं तापमान नाही, तुमच्या भिंतीचं आहे.” हवेचं मोजायचं तर सावलीत, जमिनीपासून साधारण चार फूट वर, चहूकडून वारा लागेल पण ऊन नाही असं. वेधशाळेत त्यासाठी झिलमिलीची पांढरी पेटी असते. मी गमल्याखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या घेतल्या, आठ, त्यांची मधली बुडं कापली, एकावर एक उपड्या रचून मध्ये बोटभर फट राहील अशा लांब स्क्रूंवर बसवल्या, आणि आत थर्मामीटर टांगला. वाचायचं तर वरच्या दोन थाळ्या उचलायच्या. शेजारच्या काकूंनी आठवडाभर वाट पाहून विचारलंच, “कबुतरांसाठी आहे का?”

पेटी झाल्यावर कळलं की पेपरात येणारं रात्रीचं तापमान आणि माझ्या गच्चीवरचं यांत बहुतेक दिवस दोन-तीन अंशांचा फरक असतो. पेपरातलं विमानतळाकडच्या मोकळ्या माळावरचं, माझं चहूबाजूंनी सिमेंटच्या घरांत कोंडलेलं. माझ्या आयरिसला विमानतळाची थंडी मिळत नाही, त्याला राजेंद्रनगरची पुरवून घ्यावी लागते.

आणि तिसरी गोष्ट थर्मामीटरची नव्हतीच. ‘फुललं’ म्हणजे नक्की कधी? पहिल्या वर्षीच्या ४ मार्चला मी शंका घेतली, कारण घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो ६ मार्चचा आहे. मग आठवलं, ६ ला नणंदेचा फोन आला होता, म्हणून फोटो काढला. नोंद चारचीच खरी. पण दुसऱ्या वर्षी मी कळीतून रंग दिसला तेव्हाच ‘फुललं’ लिहिणार होते. कळी आधी हिरवी पेन्सिल असते. मग एक दिवस तिच्या टोकाला शाईच्या पेनाच्या निबेवर असतो तेवढाच निळा दिसतो. तिथून उमलायला थंडीत तीन दिवस लागतात आणि उकाडा असेल तर एकच. म्हणजे काय धरलं ह्यावर तारीख दोन दिवस सहज सरकते. शेवटी ठरवलं की खालच्या तीन पाकळ्यांपैकी पहिली आडवी पडली आणि तिच्यावरचा पिवळा पट्टा दिसला की फूल फुललं. आणि बघायचं रोज एकदाच, सकाळी साडेसातला, थर्मामीटरबरोबर. संध्याकाळी फुललं तर दुसऱ्या दिवसाच्या नावावर. बँकेत चारनंतर आलेला चेक दुसऱ्या दिवशीचा धरतात, तसंच.

तर, शिवरात्र. २०२४ च्या त्या मार्चमध्ये मी तिन्ही वर्षांची कालनिर्णयं टेबलावर पसरली. हे वामकुक्षी घेत होते. देवाचं फूल आहे, असेल, पण कंदाला तिथी कशी कळते? त्याला अंधारात मातीखाली काय कळत असेल तर गारवा, ओल आणि ऊब. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतात, आणि अधिक महिना पडला की उडी मारून पलीकडे जातात. २०२३ ला अधिक श्रावण होता, म्हणूनच २०२४ ची शिवरात्र मार्चात गेली. आयरिसनं अधिक श्रावण कसा पाळला?

मी सहज मागची पानं उलटली, आणि नोव्हेंबर २०२३ वर हात थांबला. १९ तारखेच्या चौकोनात ‘कंद’ लिहिलं होतं. ती तारीख विसरणं शक्यच नाही. अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल होती, खाली सगळे टीव्हीपुढे होते आणि मी कुणी माझ्या मध्ये येणार नाही म्हणून गच्चीवर कंद लावत होते. खालून आवाज येणं बंद झालं तेव्हाच मला सामन्याचा निकाल कळला होता. त्याच्या आदल्या वर्षी कंद ३० ऑक्टोबरला. त्याच्या आधी ७ नोव्हेंबरला. तिन्ही रविवार. तिन्ही भाऊबीज झाल्यावरचे पहिले.

कंदाला तिथी कळत नव्हती. मला कळत होती. मीच दर वर्षी पाहुणे गेल्याशिवाय मातीत हात घालत नव्हते.

मग वजाबाकी केली. लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबर २०२१, महाशिवरात्र १ मार्च २०२२: ११७ दिवस. २४ ऑक्टोबर २०२२ ते १८ फेब्रुवारी २०२३: ११७ दिवस. १२ नोव्हेंबर २०२३ ते ८ मार्च २०२४: ११७ दिवस. आश्विन अमावास्येपासून माघ वद्य चतुर्दशीपर्यंत चार चांद्रमासांना एक तिथी कमी, त्यामुळे हा आकडा एखाद्या दिवसापलीकडे हलतच नाही. आणि माझ्या कंदांना लावल्यापासून फुलायला लागलेले दिवस? ११७, ११०, १११. लक्ष्मीपूजनानंतर तीन ते सात दिवसांनी लावायचे आणि एकशे दहा-पंधरा दिवसांनी फुलायचे. शिवरात्रीला नाही फुलणार तर कधी?

मी ह्यांना उठवून दाखवलं. ह्यांनी चष्मा लावला, तिन्ही वजाबाक्या तपासल्या आणि म्हणाले, “मग मी काय वेगळं म्हणत होतो?”

त्या वर्षी आणखी एक भानगड झाली. मार्च २०२४ च्या पानावर मी कळ्या वाळल्याच्या खुणा फुल्यांनी केल्या होत्या. उशिरा आलेल्या चार कळ्या कोषातून अर्ध्या बाहेर येऊन कागदासारख्या सुकल्या. ऐन वेळी उकाडा वाढला की डच आयरिसचं हे होतंच. महिन्याच्या शेवटी ह्यांनी दुधाचा हिशेब करताना त्या चार फुल्या खाडे धरून सहा लिटरचे पैसे कापले. दूधवाले भैया दारात उभे राहून कळवळून म्हणाले, “भाभीजी, मैंने तो एक भी नागा नहीं किया.” कालनिर्णय आणून दाखवलं. ते बराच वेळ फुल्यांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. पैसे दिले, वर चहा दिला. तेव्हापासून वाळलेल्या कळीला मी गोल करून आत ‘क’ लिहिते.

२०२४ च्या दिवाळीत ठरवूनच दोन हिस्से केले. दहा कंद भाऊबिजेच्या दिवशी, ३ नोव्हेंबरला. दहा तीन आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला. माती तीच, गमले शेजारी शेजारी, पाणी सारखं. दुसरे दहा तोवर कागदी पिशवीत मागच्या गॅलरीत टांगलेले. ह्यांना मी सांगितलं की दुसरे उशिरा पोचले. खोटं बोलले. पण ह्यांनी मुद्दाम काही केलं असतं अशी मला भीती होती, आणि देवगुराड्याचा अनुभव ताजा होता.

शिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. पहिल्या हिश्श्यातलं पहिलं फूल २२ ला आलं, लावल्यापासून १११ व्या दिवशी. ह्यांनी विजयी मुद्रेनं फोटो काढला. दुसऱ्या हिश्श्याची शिवरात्र कोरडी गेली. गमल्यात नुसत्या हिरव्या पेन्सिली. ७ मार्चच्या सकाळी मी चहाचा कप घेऊन वर गेले तर एका कळीचं टोक निळं झालेलं होतं ते किंचित फुगलेलं दिसलं. तिथंच पालथ्या बादलीवर बसले. पाकळ्या गुंडाळलेल्या छत्रीसारख्या पिळलेल्या असतात. पीळ आधी हळू सुटतो, दिसत नाही इतका हळू, आणि मग एक पाकळी एकदम, हिसका दिल्यासारखी, बाहेर पडते. तिच्या मध्यावर पिवळा ओरखडा. चहा निवला होता. तीन पाकळ्या खाली झुकल्या, तीन वर उभ्या राहिल्या, आणि मधोमध आणखी तिघी, ज्या पाकळ्याच वाटतात पण असतात स्त्रीकेसराचे फाटे. प्रत्येकीच्या पोटाखाली एक पुंकेसर लपलेला. पिवळ्या पट्ट्यावरून आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीवर तो पराग पुसतो. आमच्याकडे ते काम काळा भुंगा करतो. तो आला आणि त्याच्या वजनानं सगळं फूल खाली गेलं.

१०३ दिवस. लावताना एकवीस दिवसांचं अंतर होतं, फुलताना तेराच उरलं.

हे आठ दिवस गेले कुठे, ह्यावर दिरांबरोबर दोन संध्याकाळी गेल्या. त्यांनी डिग्री-डेचं गणित शिकवलं. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची, तिच्यातून पाच वजा करायचे, कारण त्याखाली वाढ जवळजवळ थांबते असं धरायचं, आणि रोजची बाकी जमा करत जायची. फ्रान्सच्या रेओम्यूरनं १७३५ मध्येच म्हटलं होतं की झाड दिवस मोजत नाही, ऊब साठवतं. हे मला चटकन पटलं. बचत खातंच आहे ते. २०२४ चं फूल माझ्या हिशेबानं १४९० ला आलं, २०२५ चा पहिला हिस्सा १५१२ ला. इथवर छान. दुसरा हिस्सा १४३१ लाच फुलला.

“तुमचं खातं उशिरा उघडलंय, वहिनी,” दीर म्हणाले. “पिशवीतला कंद काय मेलेला होता?”

नव्हताच. गॅलरीत तीन आठवडे नोव्हेंबरच्या रात्री त्याला लागतच होत्या. हवा गार झाली की कंदाच्या आत फुलाची तयारी सुरू होते, मग तो मातीत असो की कागदी पिशवीत. शिवाय दुसऱ्या हिश्श्याची शेवटची वाढ जास्त उबेत झाली. २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानाच्या हिशेबानं देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी ठरला. दोनच वर्षं आधी, २०२३ च्या फेब्रुवारीनं दिवसाच्या कमाल तापमानाचा असाच विक्रम केला होता. देवाला गेलं ते फूल त्याच फेब्रुवारीतलं. त्याच्या मागून आलेली फुलं तेव्हा दोन दिवसांत माना टाकत होती. पहिल्या वर्षी, गच्चीवर सकाळी शाल लागायची तेव्हा, एकेक फूल पाच-पाच दिवस ताजं राहिलं होतं. फेब्रुवारी तापला की दीर आयरिसबद्दल बोलत नाहीत, गव्हाबद्दल बोलतात. त्यांच्या ओळखीतल्या सांवेरच्या शेतकऱ्यांचा गहू तेव्हा दाणा भरत असतो. उकाड्यानं दाणा बारीक राहतो, आणि वर मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, पडला तर उभं पीक आडवं. माझी कळी वाळते तेव्हा मी वहीत ‘क’ लिहिते. त्यांना ते वहीत लिहून भागत नाही.

तर चार वर्षांच्या नोंदींतून हाती आलं ते एवढंच की वीस दिवस माझे होते आणि जेमतेम आठवडा हवेचा. आता कंद पोचल्याची तारीख, पिशवी कुठं टांगली ती जागा आणि तिथलं तापमानही लिहिते. एक जुना साधा थर्मामीटर गॅलरीत पिशवीशेजारीच बांधलाय. मावशींनी विचारलं, कांद्यांना ताप आहे का.

उन्हाळ्यात काढलेले जुने कंदही ठेवलेत, पण त्यांच्याकडून फार आशा नाही. फुललेला कंद संपतो आणि त्याच्या कुशीत नवे होतात. त्यांतले बहुतेक हरभऱ्याएवढे किंवा फार तर लसणाच्या पाकळीएवढे. ते यंदा तीन पानं काढतील आणि बसतील.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे. मी म्हटलं, ह्या वर्षी सण-बिण नाही, सगळे कंद ९ नोव्हेंबरला, आणि इथून पुढं दर वर्षी ९ नोव्हेंबरलाच, म्हणजे जो काय फरक दिसेल तो हवेचा दिसेल. तोवर रात्रीही गार झालेल्या असतात. ह्यांना दुसऱ्या हिश्श्याची खरी गोष्ट आता माहीत आहे, आणि तिचा फायदा घेऊन ह्यांनी पाच कंद मागून घेतलेत. भाऊबिजेनंतरच्या रविवारी, २६ ला, ते स्वतः लावणार. माती मिसळायला मी मदत करायची नाही अशी अट आहे. पिशवीवर ह्यांच्या अक्षरात ‘महादेव’ लिहिलंय, माझ्या पिशवीवर काहीच नाही.

नवं कालनिर्णयही कालच आलं. मी २०२६ चा फेब्रुवारी काढून बघितला. शिवरात्र १५ ला आहे, आणि त्या चौकोनात ह्यांनी आत्ताच लिहून ठेवलंय, ‘नि. फू. १’. निदान पेन्सिलीनं तरी लिहायचं होतं, म्हटलं. पेनानं लिहिलंय.